कंदील सुटण्याआधीचा प्रकाश

उत्तर थायलंडमधील चियांग माय हे शहर राजा मंगराय याने १२९६ साली लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसवले, आणि तेथील यी पेंग हा आकाशकंदिलांचा उत्सव बहुधा नोव्हेंबरात, म्हणजे महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात त्याच सुमारास, साजरा होतो. त्या रात्री सोडल्या जाणाऱ्या कंदिलाला ‘खोम लॉय’ म्हणतात. बांबूच्या किंवा तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ कागदाची उंच पिशवी आणि तिच्या तळाशी मेण मुरवलेला काकडा, एवढीच त्याची रचना असून, आतील हवा तापून विरळ झाली की तो वर उचलला जातो.

पर्यटक छायाचित्रकारांचे कॅमेरे प्रामुख्याने आकाशाकडे वळलेले असतात, परंतु शेकडो ठिपक्यांनी भरलेल्या आकाशाची चित्रे इतकी एकसारखी दिसतात की वर्ष किंवा गाव ओळखण्याची सोयच त्यांत उरत नाही. त्याहून मोलाचा असतो तो कंदील सुटण्यापूर्वीचा अवधी, कारण हवा तापेपर्यंत दोघेतिघे कडे धरून उभे असतात आणि ज्योतीचा प्रकाश कागदातून गाळून, सौम्य होऊन त्यांच्या चेहऱ्यांवर पडतो. स्टुडिओत ‘सॉफ्टबॉक्स’ नावाची कापडी पेटी दिव्यावर चढवून जे साधले जाते, ते येथे आयते मिळते, आणि फ्लॅश वापरणारा माणूस नेमके तेच घालवून बसतो.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मात्र भोवतालच्या काळोखाला भुलून चित्र गरजेपेक्षा उजळ करतो, त्यामुळे कागद पांढराफटक पडतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे संवेदकावर पडू द्यायचा प्रकाश, एखाद्या स्टॉपने, अर्थात निम्म्यावर, आणणे हिताचे ठरते. ‘व्हाइट बॅलन्स’ ही रंगछटा ठरवणारी सोय स्वयंचलित ठेवल्यास ज्योतीचा सोनेरीपणा दोष समजून पुसला जाण्याचा संभव असतो, तेव्हा ती दिवसाच्या उजेडावर स्थिर ठेवलेली बरी. माणसे आणि कंदील दोन्ही हलत असल्याने शटरही सेकंदाच्या साठाव्या भागाहून फारसे मंद चालत नाही. ट्रायपॉडचा उपयोग पिंग नदीकाठच्या स्थिर दृश्यापुरता, आणि तोही गर्दीने जागा दिली तर.

चियांग माय पुण्याच्या जवळपास त्याच अक्षांशावर असल्याने तेथील संधिप्रकाशही तितकाच अल्पजीवी असतो, आणि आकाशात निळाई शिल्लक असतानाची चित्रे हवी असल्यास सूर्यास्तानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच हात चालवावा लागतो.

पौर्णिमेचा भलामोठा चंद्र, त्याखाली कंदिलांचा थवा आणि तळाशी सारा जनसमुदाय दाखवणारी विक्रीस ठेवलेली चित्रे बहुतेक दोन चित्रांचा जोड असतात, कारण चंद्र आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो, त्यामुळे एवढा जमाव मावेल अशा रुंद कोनाच्या भिंगातून तो ठिपक्याएवढाच उमटतो, शिवाय सूर्यप्रकाशाने उजळलेला असल्यामुळे माणसांसाठी योजलेल्या एक्स्पोजरमध्ये त्याच्यावरचे डागही दिसेनासे होतात.