कोरियन प्रेमकथा आणि घराची संमति

रात्रींचीं जेवणें उरकलीं, मागचें आवरून झालें, कीं आमच्या घरांतील स्त्रीमंडळ हल्लीं दिवाणखान्यांत जमतें आणि पुढील सवा तास तेथें कोणीं मोठ्यानें बोललेलें खपत नाहीं. कारण एवढेंच, कीं दूर कोरियांत कोणी एक तरुण कोणा एका तरुणीवर छत्री धरून उभा असतो आणि त्याच्या मनांतील गोष्ट ओठांवर येते कीं नाहीं, या चिंतेनें आमच्या घरांतील तीन पिढ्या श्वास रोखून बसलेल्या असतात. अनेक वाचक भगिनींचीं पत्रें पाहतां ही अवस्था आमच्याच घरची नाहीं असें दिसतें. 'या मालिकांत असें आहे तरी काय, आणि त्या वडील माणसांनीं व मुलींनीं एकत्र बसून पाहण्यासारख्या आहेत काय?' असा त्यांचा प्रश्न आहे.

या सदरांत एकदां आम्हीं या मालिकांची 'अश्रूंचा कारखाना' अशी एका वाक्यांत बोळवण केली होती. ती न पाहतां केली होती, हें आज कबूल केलेलें बरें. २०२० च्या टाळेबंदींत आमच्या पुतणीनें आम्हांला त्या प्रथम पाहावयास लाविल्या. तेव्हांपासून बऱ्याच पाहून झाल्या. आतां जें मत देत आहों तें पाहून देत आहों.

प्रथम दोष सांगून टाकूं. योगायोगांची रेलचेल हा पहिला. २००२ सालच्या 'विंटर सोनाटा' या मालिकेंत नायक अपघातांत पूर्वस्मृति गमावतो. पुढच्याच वर्षीं ती जपानांत दाखविली गेली आणि तेथील प्रौढ गृहिणींना तिनें वेड लाविलें. त्यानंतर किती नायक-नायिकांना मोटारीचा धक्का लागून विस्मरण झालें, याची गणतीच करूं नये! दुसरा दोष अधिक गंभीर आहे. २००९ सालच्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' मधील श्रीमंत घरचा मुलगा गरीब मुलीचा आधीं छळ करतो आणि मग तिच्यावर प्रेम करूं लागतो. त्याची आई पैशाच्या जोरावर ती ब्याद टाळूं पाहते. मुलीचें मनगट धरून तिला ओढीत नेणें हें या जातीच्या कथांत प्रेमाचें लक्षण समजलें जातें. आमच्या घरांतून यावर जें मत पडलें तें असें, कीं मनगट धरणाऱ्याला आधीं दाराबाहेर उभा करावा आणि मग त्याच्या प्रेमाची चौकशी करावी. या मताशीं आम्ही पूर्णपणें सहमत आहों.

हे दोष जमेस धरूनही एक गोष्ट उरते, आणि तीच आमच्या मतें या कथांचें खरें बलस्थान आहे. नांवाला त्या प्रेमकथा. परंतु त्यांतील चांगल्या कथांचा विषय दोन माणसें नसून दोन घरें हा असतो. तेथील भाषाच पाहा ना. कोरियन भाषेंत 'उरी' म्हणजे आपला किंवा आमचा. तेथील स्त्री 'माझा नवरा' न म्हणतां 'आमचा नवरा' म्हणते! इंग्रजी जाणणाऱ्याला याचें हंसूं येईल. पण ज्या घरांत 'आमचे हे' अजून बाहेरून आले नाहींत असें अगदीं सहज म्हटलें जातें, त्या घराला यांत कांहींच वावगें वाटणार नाहीं. उलट 'ओप्पा' या शब्दानें आमच्याकडे मोठाच घोंटाळा केला. बहीण थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते, आणि प्रेयसी आपल्याहून मोठ्या प्रियकरालाही तेंच म्हणते. आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांनीं तें ऐकून कानांवर हात ठेवले. आपल्याकडे मुलीनें एकदां 'दादा' म्हटलें, कीं त्या बिचाऱ्याच्या आशेवर पाणीच पडतें!

आतां ज्या कथा आम्हांला मनापासून आवडल्या त्यांकडे वळूं. २०१७ सालच्या 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' या मालिकेंतील जिहो ही लेखनिकेचें काम करणारी मुलगी. धाकट्या भावाचें लग्न होतांच वडील राहतें घर त्याला देतात आणि ही बेघर होते. सेही या तरुणाचें स्वतःचें घर आहे, पण डोक्यावर कर्ज आहे. त्याला भाडेकरू हवा. दोघेंही केवळ सोयीसाठीं करार करून लग्न करतात. पुढें काय होणार हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. पण गंमत आहे ती मधल्या हिशेबांत. सासरीं 'चेसा' म्हणजे पितरांचें श्राद्ध येतें. नवी सून म्हणून जिहो तेथें जाऊन दिवसभर स्वयंपाकघरांत राबते. हें करारांत नव्हतें. तेव्हां तितकेच श्रम जावयानें सासुरवाडीला देणें हें ओघानेंच आलें, आणि हा अबोल गृहस्थ तिच्या माहेरीं जाऊन वर्षाची किमची घालावयास बसतो. कोबीचा ढीग, मीठ, लाल मिरचीचें वाटण आणि मध्यें घामाघूम झालेला जांवई, हें दृश्य पाहून आमच्या घरांतील सर्व सुनांनीं एकमेकींकडे ज्या नजरेनें पाहिलें, ती नजर घरांतील पुरुषांनीं पाहिली असती तर बरें झालें असतें. श्राद्धाच्या दिवशीं सोंवळ्यांत पहांटेपासून कोण उभें असतें, हें आपण सर्व जाणतों. पण त्या श्रमांची परतफेड हा शब्द आपल्या तोंडीं सहसा येत नाहीं.

२०१९-२० मधील 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही तर सर्वांच्या परिचयाची. सेरी ही दक्षिणेंतील धनिककन्या छत्रीवजा विमानावरून उडत असतां वादळांत सांपडते व उत्तर कोरियांत जाऊन पडते. तेथील लष्करी अधिकारी री जंगह्यक तिला लपवितो. हा नायक मनगट ओढीत नाहीं. तो तिच्यासाठीं शेवया करतो आणि हातानें भाजून कॉफी करतो. एवढ्यानें तो आमच्या घरांत सर्वानुमतें उत्तीर्ण झाला. परंतु आमच्या मतें तिची खरी गंमत निराळी आहे. जिच्या माहेरच्या वाड्यांत कोणी कोणाशीं मोकळेपणानें बोलत नाहीं, त्या मुलीला घर म्हणजे काय हें कळतें तें उत्तरेकडील खेड्यांतल्या चार भांडकुदळ शेजारणींच्या संगतींत.

आणि आतां आमची सर्वांत आवडती, २०१५-१६ मधील 'रिप्लाय १९८८'. सेऊल शहरांतील एका गल्लींतील पांच कुटुंबें, त्यांचीं मुलें, आणि १९८८ चें ऑलिंपिकचें वर्ष. पहिल्याच भागांत एक प्रसंग आहे. जेवणाच्या वेळीं एका घरची आई मुलाच्या हातीं पदार्थ देऊन शेजारीं पाठविते; तेथून दुसऱ्या पदार्थाचें भांडें परत येतें; असें करतां करतां गल्लींत मुलांची नुसती ये-जा चालू राहते आणि प्रत्येक घरीं एका भाजीचें पांच प्रकारचें जेवण होतें. रिकामें भांडें परत पाठवूं नये हा नियम ज्यांनीं चाळींत किंवा वाड्यांत पाळला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाहीं.

या मालिकेची नायिका दकसन ही तिघां भावंडांतली मधली. थोरलीचा मान मोठा, धाकटा मुलगा लाडका. हिच्या वांट्याला अंडेंही येत नाहीं आणि वाढदिवसाचा केक थोरलीचा तोच हिचा. ती एकदां रडून सर्व बोलून टाकते, तेव्हां रात्रीं वडील तिची समजूत घालतात कीं, बापपण मलाही नवीनच आहे, मी कांहीं बाप म्हणून जन्माला आलों नाहीं. घरोघरच्या मधल्या अपत्यांनीं या प्रसंगीं डोळे पुसले असतील.

दकसनवर दोघांचें प्रेम आहे. एक चंगह्वान, तोंडाचा फटकळ पण मनाचा हळवा. दुसरा थेक, 'बादुक' या पटावरील खेळाचा विजेता, परंतु रोजच्या व्यवहारांत अगदीं भोळा. आमच्या घरांत यावरून दोन तट पडले. मुली चंगह्वानच्या बाजूच्या. आमच्या घरांतून थेकची कड. आमचें मत विचाराल तर, चंगह्वानसाठीं आमचा जीव तुटला, पण निकाल योग्यच लागला. एके रात्रीं दकसन गायनाच्या जलशाबाहेर एकटी उभी आहे असें कळतांच दोघेही निघतात. चंगह्वान वाटेंत लाल दिव्यांशीं अडतो. थेक मात्र महत्त्वाचा सामना सोडून आधींच येऊन पोंचलेला असतो. तेव्हां चंगह्वानला उमगतें कीं, दोष दिव्यांचा नव्हे. आपण वर्षानुवर्षें घुटमळलों त्याचा आहे. पुढें तो मित्रांच्या देखत आपलें मन उघड करतो खरा, पण लगेच थट्टा होती म्हणून हंसून टाकतो. वेळेवर न बोललेल्या शब्दाची ही कथा आहे.

याच मालिकेंतील दुसऱ्या जोडप्याविषयीं मात्र आम्हांला जरा विस्तारानें लिहिलें पाहिजे. दकसनची थोरली बहीण बोरा आणि शेजारच्या विधवेचा मुलगा सनऊ यांचें प्रेम जमतें, तुटतें, आणि वर्षांनीं पुन्हां जमतें. आडवें येतें तें दोघांचें कुलनाम. दोघेंही एकाच आडनांवाचीं आणि एकाच मूळस्थानाचीं. कोरियांत कुळ ओळखतात तें आडनांव व मूळस्थान या जोडीनें. गिमहे येथील किम हें एकच कुळ चाळीस लाखांहून अधिक माणसांचें आहे. एवढ्या मोठ्या कुळांतील कोणाही दोघांचा परस्परांशीं विवाह तेथील नागरी कायद्यानें निषिद्ध होता. अडलेल्या जोडप्यांसाठीं १९७८, १९८८ आणि १९९६ या सालीं तात्पुरती सवलत देण्यांत आली. १९९७ सालीं घटना न्यायालयानें तें कलम घटनेशीं विसंगत ठरविलें. आणि २००५ सालीं कायदा बदलून बंदी निकटच्या नातेवाइकांपुरती ठेवण्यांत आली. मालिकेंत वडील मंडळी अखेर नमतात. लेकीनें घेतलेले नवे बूट बापाला मोठे होतात, तरी आंत कागद कोंबून तो तेच घालून लग्नाला उभा राहतो.

हें पाहतांना आपल्या वाचकांना गोत्राची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्याकडे सगोत्र विवाहावरील बंदी १९४६ च्या कायद्यानेंच उठली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत बंधन राहिलें तें सपिंड व निकटच्या नात्यांपुरतें. पण कायदा उठणें आणि घरांतून उठणें या दोन गोष्टी आहेत. १९६८ सालीं आमच्या अक्कांना एक स्थळ आलें होतें. मुलगा प्राध्यापक, घरीं येणारा-जाणारा, दोघांचीं मनें जुळलेलीं. टिपण पाहतां दोघांचें गोत्र काश्यप निघालें. आमचे वडील स्वतः वकील. १९४६ चा कायदा त्यांच्या कपाटांत होता. "कायद्यानें होतें, पण आपल्या घरांत होत नाहीं," एवढें बोलून त्यांनीं टिपण परत केलें. त्या रात्रीं अक्कांनीं आम्हांला विचारलें होतें, "तूं अण्णांशीं बोलशील कां?" आम्ही तेव्हां कॉलेजांत होतों. आम्हीं हो म्हटलें, आणि बोललों नाहीं. अक्कांनीं पुढें लग्न केलें नाहीं. निवृत्त होईपर्यंत शाळेंत गणित शिकविलें. आम्ही बोललों असतों तर अण्णा ऐकते असें नव्हे. पण आम्ही बोललों नाहीं, हें खरें.

बोराच्या लग्नाचा भाग संपला तेव्हां मुली डोळे पुशीत होत्या. अक्का शांत होत्या. थोड्या वेळानें आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे कायदा मागाहून आला रे. आपल्याकडे तर आधींच आला होता."

यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या त्याच पुतणीचें टिपण नव्यानें लिहावयाचें निघालें, तेव्हां अक्कांनीं तें आपल्या सुवाच्य अक्षरांत लिहून दिलें. पुतणी म्हणाली, "आत्या, गोत्राचा रकाना राहिला." अक्का म्हणाल्या, "राहूं दे मोकळा." आमच्या धाकट्या बंधूंनीं भिवया उंचावल्या. या वेळीं मात्र आम्ही लाल दिव्यापाशीं थांबलों नाहीं; त्याच संध्याकाळीं त्यांच्याशीं बोललों. बोलणें दोन तास चाललें. रकाना मोकळाच राहिला आहे.

तेव्हां पत्रलेखक भगिनींना आमचें उत्तर असें. या मालिका अवश्य पाहाव्या, पण निवडून पाहाव्या, आणि मुलींनीं एकट्यांनीं खोलींत न पाहतां सर्वांनीं मिळून पाहाव्या. मनगट ओढणारा नायक दिसला कीं त्याला तेथल्या तेथें नांवें ठेवावीं. किमची घालणारा दिसला कीं घरांतील पुरुषांना हांक मारावी. आणि वडील माणसांनीं शेवटपर्यंत बसावें. कारण या कथांत खरी परीक्षा बहुधा प्रेमिकांची नसते. ती हो म्हणावयाचें कीं नाहीं हें ठरविणाऱ्यांची असते.