महाग पेट्रोलने गाडी जोरात पळते?

पंपावर ‘प्रीमियम टाकू का?’ असे विचारले की अनेक जण मान डोलावतात. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनातल्या दाबाखाली आपोआप न पेटण्याची, म्हणजेच ‘नॉकिंग’ टाळण्याची ती क्षमता. बीएस-6 निकषांनुसार साध्या पेट्रोलचे ऑक्टेन पूर्वी किमान 91 असे. ऑफिसला नेणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीला तेवढे पुरते. 95 किंवा 100 चा उपयोग जास्त कॉम्प्रेशनच्या आणि काही टर्बो इंजिनांना. मॅन्युअलमध्ये तसे लिहिले असेल, तर मात्र काटकसर नको. इथेनॉल नको म्हणून 95 भरणाऱ्यांची तर फसगतच होते. त्यातही ते मिसळलेले असते. अ‍ॅडिटिव्हमुळे इंजिन थोडे स्वच्छ राहते, एवढे खरे. मायलेज हवे असेल, तर आधी टायरमधली हवा तपासा.