आपली खुर्ची कोणती?

गेल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर चहाच्या वेळी एका तरुण बांधवाने प्रश्न केला. बांधकामाच्या साईटवर तो फोरमन आहे. "पगार किती, पासपोर्ट कोणाकडे, उन्हात किती तास काम, हे सगळं ठरवतं कोण? आपल्याला कधी कोणी विचारलंय का?" एक जण म्हणाला, सरकार ठरवते. एका कंपनीच्या कार्मिक विभागात असलेल्या दुसऱ्या बांधवाने हसून सांगितले, "आम्हालाही कोणी विचारत नाही, परिपत्रक येतं." त्या दिवशी आम्हाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. म्हणून या वेळचे सदर त्या प्रश्नासाठी.

विचारण्याची एक रीत जगाने शंभर वर्षांपूर्वीच ठरवली आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात. त्यांपैकी दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा असतो, आणि कामगारांचा प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरोधात मत देऊ शकतो. भारत पहिल्या दिवसापासून सदस्य आहे. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले. मात्र त्यांची निवड सरकारने केली होती, कारण विचारावे अशी देशव्यापी कामगार संघटनाच तेव्हा नव्हती. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, आणि जिनिव्याला आपला माणूस आपणच पाठवावा ही निकड त्यामागे मोठ्या प्रमाणात होती. खुर्ची आधी आली, तिच्यावर बसणारी संघटना नंतर उभी राहिली, हा क्रम आम्हाला आजही विचार करण्याजोगा वाटतो.

ही पद्धत भारताच्या भूमीवर रुजवण्यात बाबासाहेबांचा वाटा किती होता, हे आपल्या घरांतही पुरेसे सांगितले जात नाही. संविधान सगळ्यांना ठाऊक असते, मजूरमंत्री बाबासाहेब फारसे ठाऊक नसतात. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते हाती घेतले आणि ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक व कामगार यांची संयुक्त परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. (दुसऱ्याच दिवशी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. इतिहासाच्या पुस्तकांत तो दिवस राहिला, आदला राहिला नाही.) त्या बैठकीत जिनिव्याच्याच धर्तीवर एक पूर्ण परिषद आणि एक स्थायी श्रम समिती नेमण्याचे ठरले. त्याआधी चारच वर्षे, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो संप झाला, त्याच्या अग्रभागी हेच बाबासाहेब होते. रस्त्यावर उतरणे आणि टेबलाशी बसणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

अशा बैठकांतून केवळ ठराव निघतात, असे कोणी म्हणेल. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे गणित मांडले ते असे : कामगार, पत्नी व दोन मुले मिळून तीन उपभोग-एकके धरावीत, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न मिळावे, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे, इंधन आणि दिवाबत्ती. आजही न्यायालये व संघटना या मापाचा आधार घेतात. त्याच परिषदेचे शेहेचाळिसावे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले आणि पुढची अनेक वर्षे ती भरवलीच गेली नाही. त्याच काळात चार श्रमसंहिता संसदेत संमत झाल्या, ही बाब आम्हाला खटकते.

सल्लामसलतीचा हा नियम कागदावर पक्का आहे. १९७६ च्या करार क्रमांक १४४ प्रमाणे आंतरराष्ट्रीय मानकांसंबंधी निर्णय घेण्याआधी सरकारने मालक व कामगार या दोघांना समान पातळीवर, वर्षातून किमान एकदा विचारले पाहिजे. भारताने १९७८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. सरकार त्या मताने बांधले जात नाही, हे खरे. तरी निर्णयाच्या आधी विचारणे आणि निर्णयानंतर कळवणे यांत किती अंतर असते, ते आपल्यापैकी अनेकांनी २०२० मध्ये अनुभवले. आखातात येणाऱ्या भारतीय मजुरांसाठी वेतनाची एक किमान मर्यादा ठरलेली असते. महामारीत नोकऱ्या टिकाव्यात, या कारणास्तव परराष्ट्र मंत्रालयाने त्या सप्टेंबरात ती अनेक देशांसाठी कमी केली, काही ठिकाणी २०० डॉलरपर्यंत. तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. मधल्या महिन्यांत ज्यांनी करारावर सही केली, त्यांची सही मात्र मागे गेली नाही.

इथे आखातात बहुतेक ठिकाणी परदेशी मजुराला स्वतःची संघटना उभारता येत नाही. मग तिसरी खुर्ची रिकामीच राहायची का? कतारचे उदाहरण थोडी आशा देते. २०१४ मध्ये जिनिव्याच्या परिषदेतील इतर देशांच्या कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध सक्तीच्या श्रमाबद्दल तक्रार नोंदवली. २०१७ मध्ये सुधारणांचा करार होऊन ती बंद झाली, २०१८ मध्ये दोह्यात श्रम संघटनेचे कार्यालय उघडले, आणि २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. सगळे दुखणे मिटलेले नाही. पण ज्यांना बोलता येत नव्हते, त्यांच्यासाठी त्या खुर्चीवरून परके लोक बोलले.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कामाला बाई येते, काहींच्या घरी राहतेही. घरकामगारांच्या हक्कांचा करार, क्रमांक १८९, जिनिव्यात २०११ मध्ये संमत झाला. भारताने बाजूने मत दिले, अनुसमर्थन मात्र दिलेले नाही. त्या करारात आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी आहे, आणि आपली कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्कही आहे. कंपनीत आपण कामगाराच्या बाकावर असतो, घराचे दार उघडले की मालकाच्या. त्या दिवशी चहाच्या वेळी हा विषय निघताच दोन-तीन भगिनी गप्प झाल्या. एकीने नंतर हळूच सांगितले, "तिचा पासपोर्ट आमच्याच कपाटात आहे, सांभाळून ठेवायला म्हणून." त्याच आठवड्यात तिने तो परत दिला, असे कळले.

फोरमन बांधवाने आपल्या साईटवरच्या चौदा जणांच्या अडचणी वहीत लिहून काढल्या आहेत. दूतावासाच्या पुढच्या खुल्या बैठकीला ती वही घेऊन तिघे जण जाणार आहेत. ज्यांना आपली नोंद तीत करायची असेल, त्यांनी येत्या शुक्रवारी वंदनेला लवकर यावे. नाव लिहिण्याची सक्ती नाही.