पुढचा भाग केव्हा येणार?



वर्गात बाकाखाली पुस्तक धरून वाचताना तुमच्यापैकी किती जण पकडले गेले आहेत? हात वर करू नका, कारण हे पान तुमचे शिक्षकही वाचतात. ते पुस्तक बहुधा कोणत्या तरी मालिकेतले असणार. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेशचे, म्हणजेच फास्टर फेणेचे असेल, नाही तर हॅरी पॉटरचे. एक भाग संपला की दुसऱ्याशिवाय चैन पडत नाही, आणि मग घरातील मोठी माणसे म्हणतात, "तेच तेच काय वाचतोस? काही उपयोगाचे वाच!" गंमत अशी की, हल्लीची मुले वाचीत नाहीत ही तक्रारही याच मंडळींची असते.

मी ज्या शाळेत शिकलो तेथील ग्रंथालयाचा एक नियम होता. लागोपाठ दोन गोष्टींची पुस्तके मिळत नसत. एक गोष्टीचे नेले की पुढच्या आठवड्यात एक 'उपयुक्त' पुस्तक न्यावे लागे. आम्ही ते घरी नेत असू आणि न उघडता परत आणीत असू. ग्रंथालयाच्या नोंदवहीत मात्र आमचे वाचन मोठे चौफेर दिसे.

हा नियम चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी तुम्हांला जरा मागे न्यावे लागेल.

ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६३ पासून 'अद्भुत प्रवास' या एकाच मालिकेत पन्नासाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील बऱ्याचशा नियतकालिकांतून क्रमशः येत, आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत बसत. १८६५ मध्ये त्याने तीन माणसांना तोफेच्या पोकळ गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले. (भागवतांनी ही कादंबरी 'चंद्रावर स्वारी' या नावाने मराठीत आणली.) त्या पुस्तकाच्या अखेरीस तो गोळा चंद्रावर न उतरता त्याच्याभोवती फिरत राहिल्याचे पृथ्वीवरच्या लोकांना दुर्बिणीतून दिसते, आणि तेथेच पुस्तक संपते! आत बसलेल्या तिघांचे काय झाले, हे सांगणारा पुढचा भाग यायला १८६९ साल उजाडले. चार वर्षे वाचकांनी कशी काढली असतील याची कल्पना हॅरी पॉटरच्या वाचकांना विचारा. १९९७ ते २००७ अशी दहा वर्षे त्यांनीही सात भागांची वाटच पाहिली होती.

पुढे हर्मान ओबर्थ नावाच्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ही दोन्ही पुस्तके पडली. त्याने ती पाठ होईपर्यंत पुनःपुन्हा वाचली. 'तेच तेच' वाचण्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण इतक्यांदा वाचल्यावर गोष्टीत पुढे काय होणार ही उत्सुकता उरत नाही. मग लक्ष आकड्यांकडे जाते. ओबर्थने कागद-पेन्सिल घेतली.

आपणही घेऊ. व्हर्नची तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांब आहे. तिच्यातून बाहेर पडताना गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर आहे. हा आकडा उत्तम आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी लागणाऱ्या मुक्तिवेगाच्या तो अगदी जवळ येतो. आता नववीत शिकलेले सूत्र आठवा: वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की त्वरण मिळते. ११,००० चा वर्ग भागिले ५५०. उत्तर येते २,२०,०००, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २२,००० पट! चाळीस किलोच्या मुलाला त्या क्षणी स्वतःचे वजन ८८० टन वाटेल. 'वाटेल' हा शब्द येथे फारच सौम्य झाला, कारण वाटायला तो शिल्लक राहणार नाही. सगळा प्रकार एका सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपेल. व्हर्नने धक्का सोसण्यासाठी प्रवाशांच्या पायांखाली पाण्याचा थर ठेवला होता, पण २७५ मीटरमध्ये आणखी मीटरभराची भर पडून कितीसा फरक पडणार?

मग तोफ किती लांब हवी? माणसाला निभावेल असे, गुरुत्व त्वरणाच्या तिप्पट त्वरण धरा आणि तेच सूत्र उलटे मांडा. सुमारे २,००० किलोमीटर! मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गाएवढी तोफ कोण ओतणार? पण धक्का एकदम न देता मिनिटामिनिटाने थोडाथोडा देता आला तर? म्हणजे दारू तोफेत न ठेवता गोळ्याबरोबरच नेली तर? तोच अग्निबाण. ओबर्थ याच वाटेने गेला आणि १९२३ साली ग्रहांकडे जाणाऱ्या अग्निबाणांवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे झेपावले तेव्हा तो समक्ष हजर होता. ते उड्डाण फ्लोरिडातून झाले. व्हर्नने आपली तोफही फ्लोरिडातच रोवली होती.

रशियातील कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की हाही व्हर्नचाच वाचक. लहानपणीच्या आजाराने त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो पुस्तकांतूनच शिकला आणि पुढे कालुगा गावी गणिताचा शिक्षक झाला. अग्निबाणाने अवकाशात जाण्याचे गणित त्याने १९०३ साली छापले, ओबर्थच्याही वीस वर्षे आधी.

सर्व मालिका अशा नसतात, हे मला मान्य आहे. कित्येक एकाच साच्यातून काढलेल्या असतात. नायक मरणार नाही हे पहिल्या पानावरच ठाऊक असते आणि दहाव्या भागात लेखकच कंटाळलेला दिसतो. पण ते वाचकालाही कळते. नऊ भाग वाचल्यावर दहावा फसला आहे हे ज्याला उमगते, त्याला पुस्तक पारखता येऊ लागले. ही पारख 'उपयुक्त' पुस्तक न उघडता परत करून येत नाही. आणि सहाशे पानांचे पुस्तक चार दिवसांत संपवण्याची बैठक ज्या मुलाला जमली आहे, त्याला जाड पुस्तकाची भीती घालता येत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे की, बाकाखालचे पुस्तक जप्त करावे, शिस्त म्हणून ते ठीकच आहे. पण तास संपल्यावर परत देताना त्यातले एखादे उदाहरण सोडवून आणायला सांगावे. हॅरी पॉटरच्या उडत्या झाडूला जादू चालते, तेथे तुमचे सूत्र लागू होणार नाही हे खरे. पण सायकल मारीत सुटलेल्या फास्टर फेणेचा सरासरी वेग तरी काढता येईल!

आणि मित्रहो, तुमच्यासाठीही एक उदाहरण. व्हर्नच्या दुसऱ्या भागात प्रवाशांचे वजन नाहीसे होते, पण केव्हा? पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते त्या एकाच ठिकाणी. १९८४ मध्ये राकेश शर्मा पृथ्वीपासून काही शे किलोमीटरवरच तरंगत होते. तेव्हा व्हर्न कोठे चुकला ते शोधा. त्यासाठी पुस्तक पुन्हा वाचावे लागेल. त्या तिघांचे अखेर काय झाले, ते मी येथे सांगणार नाही.