वाटी, तार आणि ७३२ न्यूटन

मावशी देवळाच्या पायरीवरून घसरली आणि गुडघ्याच्या वाटीचे आडवे दोन तुकडे झाले. ऑपरेशन नीट झालं, आता चार महिन्यांनी काठीशिवाय चालते. पण तेव्हा आमच्या घरात 'तार विरुद्ध प्लेट' असा जो सामना रंगला, त्यावर लिहायचं राहूनच गेलं होतं. कुणाला राग आलाच तर येऊ दे, सगळे घरचेच आहेत.

डॉक्टर म्हणाले, दोन पिना आणि त्यांना आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली तार. नेहमीची पद्धत. आमच्या मामेभावाने रातोरात नेटवरून शोधनिबंध काढला. "तार सगळ्यांत कमकुवत, हा बघ आकडा!"

आकडा खरा आहे. १९९७ साली कार्पेंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर तीन पद्धती तपासल्या. पिना-तार सरासरी ३९५ न्यूटनला निकामी झाली, नुसते स्क्रू ५५४ ला, आणि पोकळ स्क्रूंमधून ओवलेली तार ७३२ ला. म्हणजे पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. झालं! मावशी मलाच विचारायला लागली, "अरे, मला कमी ताकदीचं का घालतायत?"

माझं भांडण आकड्याशी नाही, तो असा हातात काठीसारखा धरण्याशी आहे. एकदाच ओढून तुटेपर्यंत ताणलं की किती भार लागला, एवढंच तो सांगतो. मावशी काय वाटी तुटेपर्यंत ओढणार आहे? तिचा गुडघा रोज थोडाथोडा वाकणार, शेकडो वेळा. धोका असतो तो तार हळूहळू सैल होऊन सांध्याच्या बाजूला फट पडण्याचा. दोनेक मिलिमीटर फटसुद्धा डॉक्टर मंडळी गंभीरपणे घेतात.

बरं, भांडायचंच होतं तर गड्या, थेलन वगैरेंचा २०१२ चा निबंध आणायचा होतास! त्यांनी गुडघा ९० अंशांतून सरळ करायचा असं शंभर वेळा केलं. प्लेटने फट आवरली, तारेला ती आवरली नाही. हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, कबूल. पण शंभर वेळा म्हणजे किती? मावशीच्या स्वयंपाकघर ते देवघर अशा दोन-तीन दिवसांच्या खेपा. आणि मेलेलं हाड भरून येत नाही हो. जिवंत माणसात तारेला हाड जुळेपर्यंतच टिकायचं असतं, ती शर्यत यंत्रावर लावताच येत नाही.

आणखी एक. तार हाडाला घट्ट चिकटून बसली पाहिजे. पिनेच्या टोकाशी तिच्या आणि हाडाच्या मध्ये स्नायूबंधाचा जाड पदर अडकला, तर वाकता वाकता तार तो कापत आत सरकते आणि सैल पडते. म्हणजे बरंचसं त्या दिवशी सर्जनच्या हातावर असतं. ते कुठल्या न्यूटनमध्ये मोजणार?

दुसरी बाजू घेणारे आमचे काका म्हणतात, "प्रयोगशाळेतलं सगळं थोतांड." हेही मला पटत नाही. प्रयोग झाले नसते तर फट मोजायची हे सुचलंच नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. यातल्या बऱ्याच चाचण्या ९० अंशांवर थांबतात, म्हणजे खुर्चीवर बसण्याइतपत. आपली माणसं मांडी घालतात, उकिडवी बसतात, गुडघे टेकून देवाला नमस्कार करतात. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो, जिन्यावर साधारण तिप्पट, आणि खोल बैठकीत सात-आठपट. म्हणजे आमचा गुडघा जिथे खरा कामाला लागतो, तिथपर्यंत यंत्र पोचतच नाही. याबद्दल घरात कुणी ब्र काढला नाही. प्लेटच्या किमतीवर मात्र दोन तास खल झाला.

शिवाय तारेची टोकं कातडीखाली टोचतात, अनेकांना हाड जुळल्यावर ती काढून घ्यावी लागतात. मावशीलाही टोचतायत. पुढच्या महिन्यात फोटो काढून ठरवायचंय. तिला मात्र एवढंच विचारायचंय, की नवरात्रात पाटावर बसता येईल ना?

कळवतोच काय ठरतं ते.