चार स्क्रू कुणी काढायचे?

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” तेलगावच्या पंचक्रोशीत हे वाक्य ऐकलं नाही असा शेतकरी दाखवा. मी संगणक दुरुस्त करून पोट भरतो, म्हणून सांगतो, यातलं निम्मं खोटं आहे. वरचा सर्व्हर बंद पडतोही. पण कितीदा तरी बंद पडलेलं असतं ते टेबलाखालचं यंत्र, आणि त्याचा जीव घेतलेला असतो धुळीने.

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर रस्ते जिथे मिळतात, तिथली धूळ आहे ही. काळ्या मातीचा फुफाटा आणि गाळप हंगामात वर बगॅसची राख. ती हीट सिंकच्या पात्यांत थापली जाते. प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर बंद होतो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा ३१ जुलै. शेवटच्या दिवसांत यंत्राला उसंत नाही आणि दारात रांग. तेव्हा ते बसलं, तर रांगेतल्या बाईचा बुडालेला रोज कोण भरून देणार?

अंगठ्याच्या ठशाचं तर विचारूच नका. ऊस तोडून आलेल्या माणसाला सांगतात, “तुमच्या रेषा झिजल्या.” झिजल्याही असतील. पण स्कॅनरच्या काचेवर सकाळपासून शेकडो बोटांचा घाम साचलाय, ती कोरड्या मऊ फडक्याने पुसायला किती वेळ लागतो? आधी काच पुसा, मग त्याच्या हाताला नावं ठेवा.

कार्यालयांची तऱ्हा मी जवळून बघतो. यंत्र आलं की जडवस्तू नोंदवहीत नोंद, पेटीवर पांढऱ्या रंगात क्रमांक. त्यानंतर झाकण उघडतं ते थेट निर्लेखनाच्या वेळी. धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावर कापड टाकतात आणि हवा जायची वाटच बंद करतात. खंडेनवमीला हळद-कुंकू, झेंडूचा हार. पूजा जरूर करा. पण कुंकू कीबोर्डमध्ये सांडण्याआधी त्याच सकाळी यंत्र बंद करून, प्लग काढून, पेटी अंगणात न्या आणि ब्लोअर मारा. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने गरगरून बिघडेल. रॅमचे पाय खोडरबराने पुसा. प्रिंटरच्या टोनरवर मात्र ब्लोअर नको. ती भुकटी छातीत जाते.

आणि अर्थिंग! तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर आहे, तिसरी तार जमिनीत पोहोचलेलीच नाही. पेटीला हात लावला की मुंग्या येतात. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, लाईट गेली की अर्धा भरलेला अर्ज गेला. हे सगळं ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाच्या माथी मारायचं? त्याचं मानधन वेळेवर मिळत नाही, म्हणून ही मुलं मुंबईपर्यंत मोर्चे घेऊन गेली. तरी ब्लोअर त्याने खिशातून आणावा ही साहेबांची अपेक्षा. शिपाई म्हणतो माझं काम नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतो तरतूद नाही. नवीन यंत्राच्या खरेदीला तरतूद कशी निघते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा वेळेत दिली नाही, तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. मळलेलं यंत्र हे पुरेसं कारण धरू नका. वार्षिक दप्तर तपासणीला येणाऱ्याने नोंदवहीवर सही करण्याआधी पेटीचे चार स्क्रू काढायला लावावेत, आणि आत जे दिसेल ते शेऱ्यात लिहावं, जबाबदार माणसाच्या नावासकट.