विहाराची किल्ली बायांकडे, वही का नाही?

यंदाचा वर्षावास सुरू होण्याआधी सडक अर्जुनी तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये एक गोष्ट मोकळेपणाने बोलली जावी, म्हणून हे लिहिते आहे. मी याच तालुक्यातली, विहाराच्या ओट्यावर वाढलेली बाई. माझी मागणी अशी: गावच्या विहाराच्या पंच कमिटीत निम्म्या जागा बायांच्या असाव्यात, विधी लावण्याचा आणि धम्म समजावून सांगण्याचा मान त्यांना बरोबरीने मिळावा, आणि जगण्यातून त्यांना आलेली समज ही धम्माची समज म्हणून लिहून ठेवली जावी. कोणावर उपकार करा असे मी म्हणत नाही. हक्क कसा आहे, ते मुद्द्यांनी सांगते.

१. विहार कोणाच्या कष्टावर चालतो?

विहार झाडायचा, मूर्तीपुढची फुले बदलायची, संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचे, लेकरांना ते पाठ करून घ्यायचे, हे सगळे आमच्याकडे बाया करतात. बुद्धपौर्णिमेची खीर त्यांची, भंते गावात आले की भोजनदान त्यांचे, ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीची वर्गणी दारोदार फिरून तेच हात गोळा करतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पांढऱ्या साड्यांची रांग पुढे असते म्हणून मिरवणुकीला रूप येते.

बैठक लागली की चित्र बदलते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष पुरुष. बाया दाराजवळ सतरंजीवर. माझ्या आईने कितीतरी वर्षे विहाराची किल्ली पदराला बांधून सांभाळली. जमाखर्चाची वही मात्र तिच्या हाती कधीच आली नाही. किल्ली म्हणजे राबणे आणि वही म्हणजे ठरवणे. एक बाईकडे आणि दुसरे पुरुषाकडे, ही वाटणी धम्माने केलेली नाही.

२. भिक्खूंचा वर्षावास, बायांची रोवणी

आषाढ पौर्णिमेपासून भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, हा जुना नियम. पावसात फिरताना कोवळे कोंभ आणि जीवजंतू पायाखाली येऊ नयेत, हे त्यामागचे कारण. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या बाया बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे रोवत असतात. ज्या कोंभासाठी भिक्खू थांबतो, तो कोंभ जमिनीत लावण्यासाठी बाई उभा दिवस कमरेत वाकते.

त्याच संध्याकाळी हातपाय धुऊन, चूल उरकून ती विहारात येते. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, ती ऐकते. ‘दुःख’ हा शब्द तिच्या कानावर पडतो तेव्हा तिची पाठ ठणकत असते. एकदा वाचन चालू असताना एका आजीने विचारले होते, भंते पावसात थांबतात, बाईने कधी थांबायचे? सगळे हसले आणि वाचणाऱ्याने पान उलटले. त्या प्रश्नात श्रम होते, करुणा होती, नियम कोणासाठी केला जातो याचा विचार होता. धम्मचर्चेला यापेक्षा चांगला विषय कोणता? तो आमच्या विहाराने हसण्यावारी नेला.

३. दीक्षा एकेकीने घेतली होती

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर माईसाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाने बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. त्या समुदायात बाया होत्या. बायांसाठी वेगळ्या प्रतिज्ञा नव्हत्या, नवऱ्याने घेतली म्हणजे बायकोची झाली असेही नव्हते. प्रत्येकीने स्वतःच्या तोंडाने ‘मी’ म्हटले. ज्या धर्मात तिला देवळाच्या पायरीवरही उभे राहता येत नव्हते, तो सोडण्याचा निर्णय तिने तिचा घेतला. मग त्या धम्माचा अर्थ सांगण्याचे काम तेवढे पुरुषांकडे कसे गेले?

दीक्षेआधीच विदर्भातल्या बाया तयार झालेल्या होत्या. जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, समोर हजारो बाया होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव त्यांनी तेव्हा केले. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढले आणि हरले. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणजे ही चळवळ आपल्याकडे कुठून दुरून आलेली नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून जुन्या कार्यकर्त्या बायांच्या मुलाखती घेतल्या नसत्या, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले नसते, तर यातली कित्येक नावे पुसली गेली असती.

४. बाईचा अनुभव हे धम्माचे ज्ञान आहे

थेरीगाथा हा भिक्खुणींच्या ७३ कवितांचा ग्रंथ. त्यात पुण्णा आहे, पाणी भरणारी दासी. मालकाच्या धाकाने ऐन थंडीत नदीवर उतरणारी ती, पाप धुण्यासाठी काकडत डुबकी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्यानेच मुक्ती मिळत असेल तर बेडूक आणि कासवे सगळी स्वर्गात जातील का? हे तिला पोथीने शिकवले नव्हते. रोज पाण्यात उभी राहणारी बाईच पाण्याबद्दल हे बोलू शकते. आणि तिचे बोलणे तिपिटकात गेले.

कालामांना दिलेल्या उपदेशातही बुद्धाने हेच सांगितले: परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. पारखायला अनुभव लागतो, आणि आमच्या बायांकडे तो उदंड आहे.

मराठीत हा धागा १८५५ सालीच दिसतो. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोख होता. बाळंत होताना ज्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, अशा आपल्या बायांच्या हालाविषयीही तिने त्यात लिहिले. धर्माचा प्रश्न आणि बाळंतपणाचा प्रश्न एकाच कागदावर मांडणारी ही मुलगी आपल्या धर्मचिंतनाची आद्य लेखिका आहे, असे मी मानते.

५. हीच वाट अमेरिकेतल्या काळ्या बहिणींनी चालून दाखवली आहे

अमेरिकेतल्या गुलामगिरीशी आपले नाते जोतीरावांनी १८७३ सालीच जोडले. ‘गुलामगिरी’ त्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. त्या गुलामांच्या लेकींचे पुढे काय झाले, हेही आपल्याला ठाऊक हवे.

काळ्या लोकांची चर्चे तिथल्या बायांनी उभी ठेवली. वर्गणी त्यांची, गाणी त्यांची, बाकांवर गर्दी त्यांची. प्रवचनाची जागा पुरुषाची. जरीना ली या बाईने प्रवचन करू द्या म्हणून विचारले तेव्हा आधी नकार मिळाला. आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये तिला परवानगी मिळाली १८१९ साली. त्याच चर्चमध्ये पहिली स्त्री बिशप झाली २००० साली. मधे १८१ वर्षे गेली. ‘होईल हळूहळू’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१९८०च्या दशकात या बायांनी आपल्या धर्मविचाराला स्वतंत्र नाव दिले. लेखिका ॲलिस वॉकर यांचा ‘वुमनिस्ट’ हा शब्द घेऊन केटी कॅनन, जॅकलिन ग्रँट, डेलोरेस विल्यम्स यांनी लिहायला घेतले. गोऱ्या स्त्रीवाद्यांना वर्णाचे दुःख दिसत नाही आणि काळ्या धर्मपंडितांना बाईचे दुःख दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे. विल्यम्स यांनी बायबलमधली हागार पुढे आणली: अब्राहामाच्या घरची दासी, मालकाचे मूल पोटी आलेली, पुढे लेकरासह वाळवंटात घालवून दिलेली. तिथे तिची सुटका झाली नाही. तिला पाणी मिळाले, जगायची वाट मिळाली. ज्यांच्या आयुष्यात मुक्ती उशिरा येते त्यांना आज जगवणारा धर्म कोणता, हा विल्यम्स यांचा प्रश्न आपल्या रोवणीच्या बांधीतही तेवढाच खरा आहे. आपल्याकडे ईश्वर नाही, त्यांच्याकडे आहे; हा फरक मोठा आहे आणि तो झाकायचा नाही. पण धर्माचा अर्थ राबणाऱ्या बाईच्या जगण्यातून लावायचा, ही रीत दोघींची एक आहे.

६. सोसणे म्हणजे पुण्य नव्हे

हा मुद्दा अवघड आहे, पण मनापासून मांडते. दुसऱ्यासाठी बाईने सोसणे हेच पवित्र, अशी शिकवण काळ्या बायांना घातक ठरली, असे विल्यम्स यांनी बजावले होते. आपण रमाईला त्यागमूर्ती म्हणतो. त्यांचा त्याग खराच होता. चार लेकरे त्यांनी गमावली, उपाशी दिवस काढले, २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण करून ते ऋण जाहीरपणे मानले. पण रमाईची कथा आजच्या सुनेला ‘तूही सोस’ म्हणून ऐकवली जाते, तेव्हा तो रमाईचा मान राहत नाही. लेकरे औषधावाचून मरू नयेत, हा तिच्या कथेचा धडा आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात कर्म आणि पुनर्जन्माच्या रूढ अर्थावर प्रश्न उभे केले, ते याचसाठी मोलाचे. २९ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. त्या मायलेकींच्या वाट्याला हे का आले, याचे जुने उत्तर ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे असते. नवा धम्म सांगतो की हे माणसांनी केले, म्हणून माणसांनाच जाब विचारायचा. त्यानंतर विदर्भातल्या रस्त्यांवर ज्या बाया उतरल्या, त्यांनी हा सिद्धान्त पायांनी समजावून दिला.

७. आक्षेप आणि उत्तरे

‘बायांना वेळ नसतो.’ विहार झाडायला, खीर शिजवायला, वर्गणी मागायला वेळ मिळतो, तर तासभराच्या बैठकीला का मिळणार नाही? बैठक स्वयंपाकाच्या वेळी लावायची आणि बाया येत नाहीत म्हणायचे, हे थांबवू या.

‘बायांना ग्रंथ समजत नाही.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि मग अर्थ त्यांना विचारा. आज आमच्या लेकी शिकून परतताहेत. त्यांच्या हाती ग्रंथ द्या.

‘समाजात फूट पडेल.’ बाहेर अन्याय असताना घरातले काढू नये, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. पण बाबासाहेबांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजली. जे माप त्यांनी वापरले, ते आपल्या विहाराला लावल्याने फूट कशी पडेल?

८. कायदा आड येत नाही

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींमध्ये निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. २०११ साली तसा कायदा झाला. सडक अर्जुनीच्या नगरपंचायतीतही बाया बसतात. गावच्या नळयोजनेचा हिशेब विचारणारी बाई विहाराच्या वर्गणीचा हिशेब का विचारू शकत नाही? नोंदणी झालेल्या विहाराला १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो, आणि तो बाईला विश्वस्त होण्यापासून रोखत नाही. ठराव करायचा, बदल धर्मादाय कार्यालयात कळवायचा, एवढेच काम. नोंदणी नसेल तर गावसभेचा ठराव पुरे.

९. येत्या आषाढ पौर्णिमेपर्यंत काय करायचे

अ) प्रत्येक विहाराच्या पंच कमिटीत निम्म्या बाया घ्याव्यात, अध्यक्ष किंवा कोषाध्यक्ष यांपैकी एक पद बाईकडे असावे.

आ) वर्षावासातले वाचन आळीपाळीने बायांनी करावे. वाचन झाल्यावर प्रश्नांसाठी वेळ राखावा आणि प्रश्न वहीत उतरवावेत.

इ) लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन हे विधी लावायला बाया बौद्धाचार्य तयार कराव्यात.

ई) म्हाताऱ्या बायांकडची दीक्षेच्या काळची आठवण आणि भीमाची गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. आपल्या झाडीपट्टीतल्या आज्यांचे शब्द आपणच टिपले पाहिजेत. त्यांतल्या बऱ्याच जणींनी ऐंशी ओलांडली आहे, हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही.

उ) रोवणीच्या दिवसांत पौर्णिमेला बायांना कामातून सुटी द्यावी, आणि त्या दिवशी घरची चूल पुरुषांनी पेटवावी.

ही शेवटची मागणी त्या आजीच्या प्रश्नातून आली आहे. भंते थांबतात, बाईने कधी थांबायचे, असे तिने विचारले होते. ती आता नाही. माझ्या आईची किल्ली आज माझ्याकडे आहे. येत्या वर्षावासात पहिल्या संध्याकाळी मी विहार उघडेन तेव्हा ग्रंथाशेजारी एक कोरी वही ठेवणार आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या आजीचा प्रश्न लिहिणार आहे. कमिटीने त्याचे उत्तर द्यावे. त्या कमिटीत निम्म्या बाया असाव्यात.

जय भीम.